छपराखालचे सात सेकंद

नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या आसपास आलं, की पठारावरच्या पवनचक्क्या दिसू लागतात. वारा इथे मुबलक आहे. पवनचक्कीचं पातं फिरू लागायला सेकंदाला साधारण ३ ते ४ मीटर वेगाचा वारा लागतो. त्याहून मंद वाऱ्यात पातं ढिम्म हलत नाही.

आता खेळातला एक आकडा पाहा. शंभर मीटरच्या शर्यतीत पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २.० मीटरच्या वर गेला, तर कितीही भारी वेळ लागली तरी विक्रम म्हणून ती धरत नाहीत. २.० मीटर म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर. ज्या वाऱ्यात सुप्याच्या पवनचक्क्या बंद असतील, तेवढाच वारा विश्वविक्रमाचा निकाल फिरवू शकतो. कारण एवढा वारा पाठीशी असला, की धावपटूचा वेळ साधारण दहा शतांश सेकंदाने कमी होतो आणि वरच्या पातळीवर दहा शतांशांत सुवर्णपदकविजेती आणि अंतिम फेरीतून बाहेर पडलेली मुलगी, दोघी मावतात.

या वाऱ्यानेच धावण्याच्या इतिहासातला एक मोठा वाद उभा केला. १६ जुलै १९८८ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसला फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर १०.४९ सेकंदांत शंभर मीटर धावली. महिलांचा तो विश्वविक्रम आजही तिच्याच नावावर आहे. त्या शर्यतीच्या वारामापकाने ०.० दाखवलं होतं. त्याच वेळी शेजारी तिहेरी उडी चालू होती आणि तिथल्या मापकावर ४.३ चा आकडा होता. ४.३ म्हणजे पवनचक्की चालू करणारा वारा. इतकी वर्षं झाली, तरी वाद मिटलेला नाही.

हा वाद जिथे होऊच शकत नाही, अशी एक जागा आहे: छपराखालची, म्हणजे इनडोअर धावपट्टी. तिथे वारा नाही, पाऊस नाही, डोळ्यावर ऊन नाही. वारामापक लावायचा प्रश्नच येत नाही. हॉलमध्ये शंभर मीटरची सरळ पट्टी बसवणं अवघड, म्हणून अंतर ६० मीटरचं. सात सेकंदांचा मामला. या सात सेकंदांतले आकडे जवळून पाहिले, की माणसाच्या शरीराबद्दल आणि आपल्या तालुक्याच्या मैदानाबद्दलही काही गोष्टी लख्ख दिसतात.

तीस वर्षांत एक शतांशही नाही

महिलांच्या ६० मीटर इनडोअरचा विश्वविक्रम ६.९२ सेकंदांचा आहे. रशियाच्या इरिना प्रिव्हालोव्हाने तो ११ फेब्रुवारी १९९३ रोजी माद्रिदला केला. दोन वर्षांनी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, तिनेच माद्रिदलाच पुन्हा बरोबर ६.९२ ची वेळ दिली.

त्याआधी हा आकडा भराभर उतरत होता. १९८६ मध्ये नेदरलँड्सची नेली कूमन ७.०० वर आली. १९९२ मध्ये जमैकाच्या मर्लिन ऑटीने ६.९६ केले. पुढच्याच वर्षी प्रिव्हालोव्हाचे ६.९२. सात वर्षांत आठ शतांश उतरले आणि मग घड्याळ थांबलं. तीस वर्षं उलटून गेली. बूट बदलले, धावपट्टीचं रबर बदललं, व्यायामाचं शास्त्र बदललं, प्रत्येक पाऊल टिपणारे कॅमेरे आले. २०२३ मध्ये सेंट लुशियाची ज्युलियन अल्फ्रेड आणि अमेरिकेची अलिया हॉब्स या दोघी ६.९४ पर्यंत पोहोचल्या. दोन शतांश उरले ते उरलेच.

जागतिक इनडोअर स्पर्धेतला विक्रम वेगळा मोजतात. तो अमेरिकेच्या गेल डेव्हर्सचा, ६.९५ सेकंदांचा, १९९३ मध्ये टोरंटोला झालेला. तोही तिथेच आहे. २०१२ ते २०२५ या काळातल्या सात जागतिक स्पर्धांच्या विजेत्या पाहा. २०१२ इस्तंबूल, व्हेरोनिका कॅम्पबेल-ब्राउन ७.०१. २०१४ सोपोट, शेली-ॲन फ्रेझर-प्राइस ६.९८. २०१६ पोर्टलंड, बार्बरा पिअर ७.००. २०१८ बर्मिंगहॅम, म्युरिएल आहुरे ६.९७. २०२२ बेलग्रेड, मुजिंगा कम्बुंजी ६.९६. २०२४ ग्लासगो, ज्युलियन अल्फ्रेड ६.९८. २०२५ नानजिंग, पुन्हा कम्बुंजी ७.०४.

सात शहरं, तेरा वर्षं, सहा वेगवेगळ्या बायका. या सगळ्यांना एकाच पट्टीवर एकाच वेळी पळवलं असतं, तर पहिली आणि शेवटची यांच्यात एक मीटरचंही अंतर पडलं नसतं. माणसाच्या शरीराची हद्द इथे एखाद्या भिंतीइतकी पक्की जाणवते.

एक शतांश म्हणजे केवढा?

शतांश सेकंद डोळ्याला दिसत नाही. साधी पापणी मिटायला त्याच्या दहापट तरी वेळ जातो. म्हणून तो अंतरात मोजू.

प्रिव्हालोव्हाच्या नावावर ५० मीटरचाही विक्रम आहे: ५.९६ सेकंद, माद्रिद, ९ फेब्रुवारी १९९५. म्हणजे दुसऱ्यांदा ६.९२ झाले तोच दिवस. दोन आकड्यांची वजाबाकी केली, की शेवटच्या दहा मीटरला ०.९६ सेकंद येतात. सेकंदाला १०.४ मीटर, ताशी साडेसदतीस किलोमीटर. गावातून जाताना शहाणा माणूस मोटारसायकल याहून हळू चालवतो.

या वेगाने शेवटची रेघ ओलांडताना एक शतांश सेकंद म्हणजे १० सेंटिमीटर. एक मूठ.

हे माप घेऊन ग्लासगोची अंतिम शर्यत बघू. अल्फ्रेड ६.९८, पोलंडची एवा स्वोबोदा ७.००, इटलीची झायनब दोसो ७.०५. सोनं आणि रुपं यांच्यात दोन शतांश, म्हणजे जेमतेम एक वीत. रुपं आणि कांस्य यांच्यात पाच शतांश, म्हणजे एक हात. नानजिंगला तर याहून चुरस होती: कम्बुंजी ७.०४, दोसो ७.०६, लक्झेंबर्गची पॅट्रिझिया व्हान देर वेकेन ७.०७. पहिल्या तिघी तीन शतांशांत. शाळेच्या दप्तरातली पट्टी ३० सेंटिमीटरची असते. जगातली तिन्ही पदकं त्या पट्टीच्या लांबीत वाटली गेली.

शतांशाचा घाव काय असतो, हे आपल्या देशाला ठाऊक आहे. १९८४ मध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांत ५५.४२ सेकंदांत आली. रुमानियाची क्रिस्टियाना कोयोकारू ५५.४१ मध्ये. एका शतांशाने कांस्य गेलं. चाळीस वर्षांनंतरही घरोघरी त्याची हळहळ निघते.

आवाजालाही उशीर होतो

एवढ्या बारीक मापात गेलं, की ज्या गोष्टी आपण क्षणार्धात घडल्या म्हणतो, त्यांनाही लागलेला वेळ मोजावा लागतो. बंदुकीचा आवाज हे त्याचं चांगलं उदाहरण.

सरळ पट्टीवरची प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद असते. आठ लेन असल्या, की पहिल्या आणि आठव्या धावपटूत साडेआठ मीटरांचं अंतर पडतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पूर्वी इशारा देणारा माणूस एका कडेला उभा राहून पिस्तूल उडवायचा, तेव्हा आवाज दुसऱ्या टोकाच्या धावपटूच्या कानावर २५ सहस्रांश सेकंद उशिरा पडायचा. म्हणजे अडीच शतांश. ग्लासगोला सोनं आणि रुपं यांच्यात जेवढं अंतर होतं, त्याहून हे जास्त. लांबची लेन मिळाली एवढ्यानेच एखाद्या मुलीचं पदक हुकू शकलं असतं. म्हणून आता प्रत्येकीच्या स्टार्टिंग ब्लॉकमागे स्वतंत्र स्पीकर असतो आणि आठहीजणींना आवाज एकाच वेळी ऐकू येतो.

ब्लॉकमध्ये दाब मोजणारे संवेदक असतात. इशाऱ्यानंतर ०.१०० सेकंदाच्या आत पायाने जोर दिला, तर तो चुकीचा प्रारंभ. ऐकून, मेंदूत उमजून, पायापर्यंत हुकूम पोहोचायला माणसाला एवढा वेळ लागणारच, त्याहून लवकर हललात म्हणजे आवाजाची वाट पाहिली नाहीत, असा त्यामागचा विचार. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर काढतात. वर्षभराची मेहनत एका दशांश सेकंदाच्या अलीकडे-पलीकडे होते.

चांगल्या धावपटूंचा प्रतिसाद ०.१३ ते ०.१६ सेकंदांत येतो. शंभर मीटरमध्ये तिथे थोडं मागे पडलं, तरी पुढे भरून काढायला वाव असतो. साठात तो नसतो. उशिरा सुटलेली मुलगी वेग पकडेपर्यंत शर्यत संपलेली असते.

तीस पावलं

साठ मीटरला साधारण तीस पावलं पडतात. पहिले दहा मीटर सर्वांत महाग: त्यांना दोन सेकंदांच्या आसपास वेळ जातो, शेवटच्या दहाच्या दुप्पट. धावपटू ब्लॉकमधून निघते तेव्हा अंग जमिनीशी जवळजवळ आडवं, नजर खाली, हनुवटी छातीकडे. उठायची घाई केली, की जोर वर जातो, पुढे जात नाही. हळूहळू, एकेका पावलाला थोडं थोडं, ती उभी होत जाते. पूर्ण उभी राहून पूर्ण वेगात येते, तोवर निम्मी पट्टी सरलेली असते.

पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर टेकतं ते एक दशांश सेकंद, बऱ्याचदा त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात एका पायावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट जोर येतो. साठ किलोच्या मुलीच्या एका पायाखाली अडीच-तीन क्विंटल. तो पाय वाकू द्यायचा नाही, तसाच ताठ ठेवून जमिनीला मागे ढकलायचं, आणि असं ओळीने तीस वेळा. ढोबळ हिशेब केला, तर सात सेकंदांतला जवळपास निम्मा वेळ तिचे दोन्ही पाय हवेत असतात.

आणि शेवटी थांबायचंही असतं. छपराखाली शेवटच्या रेघेपुढे पळायला फारशी जागा नसते. ताशी ३७ किलोमीटरवरून पंधरा-वीस मीटरांत शून्यावर यायचं. त्यासाठी पट्टीच्या टोकाला जाड गाद्यांची भिंत उभी करतात. निकालाच्या फलकावर नाव झळकायच्या आत जगज्जेती त्या गादीवर जाऊन आदळलेली असते.

वळणावरचा भार

छपराखाली ४०० मीटरही धावतात, पण २०० मीटरच्या वाटोळ्या ट्रॅकवर, दोन फेऱ्या. इथे गणित वेगळं होतं. बाहेरच्या मैदानावर वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते. इनडोअरला ती साधारण १७.२ मीटर, निम्म्याहूनही कमी.

२ मार्च २०२४ रोजी ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत नेदरलँड्सची फेम्के बोल ४९.१७ सेकंदांत आली. विश्वविक्रम. सरासरी वेग सेकंदाला ८.१ मीटर. या वेगाने एवढ्या आखूड वळणावर वळायचं, तर अंगाच्या वजनाच्या चार दशांश इतका जोर बाजूला, आतल्या अंगाला लावावा लागतो. बाहेरच्या मैदानावर त्याच वेगाला दोन दशांशही लागत नाही. म्हणून इनडोअरची वळणं दहा अंशांच्या आसपास कललेली बांधतात. तरीही आतल्या लेनमधलीला वळण फार आखूड पडतं आणि बाहेरच्या लेनमधलीला उतार मिळतो. २०० मीटरच्या शर्यतीत हा अन्याय इतका ढळढळीत होता, की २००४ नंतर ती शर्यत जागतिक इनडोअर स्पर्धेतून काढूनच टाकली. मर्लिन ऑटीचा १९९३ मधला २१.८७ सेकंदांचा विक्रम त्यामुळे अजून अबाधित आहे.

४०० मीटरचा विक्रम मात्र हलला, आणि त्यासाठी ४१ वर्षं लागली. चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्रातोखविलोव्हाने १९८२ मध्ये ४९.५९ केले होते. त्या काळातल्या पूर्व युरोपी विक्रमांकडे आजही संशयाने पाहिलं जातं, पण ती कधी उत्तेजक चाचणीत सापडली नाही. २०२३ मध्ये बोलने ४९.२६ केले, २०२४ मध्ये ४९.२४, आणि दोनच आठवड्यांनी ४९.१७. चार दशकांची वाट आणि हाती ४२ शतांश.

ग्लासगोतच, दुसऱ्या दिवशी, बहामाच्या डेव्हिन चार्ल्टनने ६० मीटर अडथळ्यांत ७.६५ चा विश्वविक्रम केला. वाटेत पाच अडथळे, प्रत्येक ८४ सेंटिमीटर उंच. पहिला १३ मीटरवर, पुढचे दर साडेआठ मीटरवर. सपाट साठाच्या विक्रमापासून फरक ७३ शतांशांचा. म्हणजे एका अडथळ्याची किंमत पंधरा शतांश. कमरेएवढं फळकूट ओलांडण्याचा खर्च पापणी मिटण्याएवढा. या शर्यतीत भारतही पुढे सरकतो आहे. विशाखापट्टणमच्या ज्योती याराजीने फेब्रुवारी २०२४ मध्ये तेहरानला ८.१२ सेकंदांत आशियाई इनडोअर सुवर्ण घेतलं आणि जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या नांतला ८.०४ ची वेळ दिली.

एका जिल्ह्यात पंचवीस देश

आता आकड्यांचा रोख आपल्याकडे वळवू.

ज्युलियन अल्फ्रेडचा सेंट लुशिया हा कॅरिबियन समुद्रातला देश. क्षेत्रफळ ६१७ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास. आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार. क्षेत्रफळात सेंट लुशियासारखे २७ देश या एका जिल्ह्यात बसतील, माणसांच्या हिशेबाने २५.

त्या देशातून एक मुलगी निघाली. लहानपणी ती शाळेच्या गणवेशात अनवाणी धावायची. गावचं स्टेडियम धड नव्हतं, हे तिने स्वतःच जगाला सांगितलं. चौदाव्या वर्षी घर सोडून ती जमैकाला शिकायला गेली, तिथून अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात. मार्च २०२४ मध्ये ती छपराखालची जगज्जेती झाली आणि ३ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला १०.७२ सेकंदांत शंभर मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. तिच्या देशाचं ते कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक.

म्हणून लोकसंख्येचा आकडा पुढे करून समाधान मानता येत नाही. तो आपल्यालाच प्रश्न विचारतो.

मराठी मुलुखातल्या मुली धावल्या नाहीत, असं मुळीच नाही. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या रोशन मिस्त्रीने १०० मीटरचं रौप्य घेतलं, वांद्र्याच्या मेरी डिसूझाने २०० मीटरचं कांस्य. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकला मेरी गेली. भारताकडून ऑलिंपिकच्या मैदानावर धावणाऱ्या पहिल्या महिलांमध्ये ती आणि निलिमा घोष होत्या. मेरीच्या प्रवासासाठी घरच्यांनी आणि मित्रमंडळींनी कार्यक्रम करून पैसे जमवले होते. १९५४ मध्ये मनिलाला ४ बाय १०० रिलेचं आशियाई सुवर्ण आलं, त्या चौघींतही मेरी होती. मार्च २०१९ मध्ये पुण्याच्या अवंतिका नराळेने हाँगकाँगला आशियाई युवा स्पर्धेत ११.९७ सेकंदांत शंभर मीटर जिंकले. साताऱ्याच्या सुदेष्णा शिवणकरने २०२२ मध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णं आणली.

आणि ज्यांची नावं कुठे छापून येत नाहीत, अशा मुली तर गावोगाव पहाटे धावताहेत. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात, त्यातले १५ शंभर मीटरच्या धावेचे. ग्रामीण भागातल्या हजारो मुलींसाठी वेगाने धावणं म्हणजे नोकरी, पगार, घराला आधार. समजा त्यांतली एखादी शंभर मीटर १४ सेकंदांत धावते. तिला प्रिव्हालोव्हाच्या शेजारी उभं केलं, तर प्रिव्हालोव्हा साठाची रेघ ओलांडेल तेव्हा ही ढोबळ मानाने ४७ मीटरवर असेल. तेरा मीटर मागे. एवढंच. आणि हे ब्लॉकशिवाय, खिळ्यांच्या बुटांशिवाय, मातीवर, भरतीपुरत्या काही महिन्यांच्या सरावावर.

देशाच्या पातळीवर हे अंतर आणखी कमी होतं. ओडिशाच्या द्युती चंदने फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहाच्या आशियाई इनडोअर स्पर्धेत ७.२८ ची राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली आणि तिथे कांस्यपदक घेतलं. ६.९२ आणि ७.२८ मध्ये ३६ शतांशांचा फरक आहे. आपल्या मापात तो साडेतीन मीटर भरतो. चारचाकी गाडी याहून लांब असते.

आपण काय मोजतो?

हे साडेतीन मीटर आपल्या मैदानांवर दिसतच नाहीत, कारण मोजणी तेवढी बारीक नसते.

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मैदानावर फक्कीने पट्टे मारतात. सुरुवातीला क्लॅपर वाजतो, शेवटच्या रेघेवर शिक्षक स्टॉपवॉच घेऊन उभे असतात. आवाज ऐकून घड्याळ दाबलं, तर तो आवाज ६० मीटर पार करून यायलाच जवळपास १८ शतांश लागतात. म्हणून टाळीचा आवाज ऐकण्याआधी क्लॅपर मिटताना दिसला की घड्याळ दाबायचं, असा दंडक आहे. तरी बोट उशिरा दाबलं जातं. शेवटी मात्र मुलगी समोरून येताना दिसत असते, त्यामुळे बोट वेळेवर पडतं. परिणामी स्टॉपवॉच नेहमी खऱ्यापेक्षा कमी वेळ दाखवतं. हातातल्या घड्याळाची वेळ विजेच्या घड्याळाशी ताडून पाहायची, तर कमी अंतराच्या शर्यतींत तीत ०.२४ सेकंद मिळवायचे, असा ॲथलेटिक्समध्ये ठरलेला हिशेब आहे. चोवीस शतांश म्हणजे अडीच मीटर.

द्युती आणि विश्वविक्रम यांच्यातल्या साडेतीन मीटरांपैकी अडीच मीटर नुसतं स्टॉपवॉच गिळून टाकतं. अशा घड्याळावर एखाद्या मुलीने सहा महिने घाम गाळून पाच शतांश कमी केले, तर ते तिलाही कळणार नाहीत आणि तिच्या सरांनाही नाहीत. अर्धा मीटर कमावला, तो बोटाच्या चुकीत बुडून गेला. जी प्रगती दिसत नाही, ती मुलगी किती दिवस करत राहील? घरचे किती दिवस करू देतील?

आठ गुंठे

शेवटचा हिशेब जागेचा. ४०० मीटरचा पूर्ण सिंथेटिक ट्रॅक हा मोठा खर्च आहे. बालेवाडीसारखी संकुलं प्रत्येक तालुक्यात होणार नाहीत. देशातलं पहिलं इनडोअर ॲथलेटिक्स संकुल भुवनेश्वरला कलिंगा स्टेडियमच्या आवारात उभं राहिलं, तेही अलीकडेच.

पण साठ मीटरला तेवढं लागत नाही. सुरुवातीच्या रेघेमागे ३ मीटर, धावायला ६०, थांबायला १५. एकूण ७८ मीटर. रुंदी आठ लेनची, ९.७६ मीटर. गुणाकार केला, की ७६१ चौरस मीटर. आपल्या भाषेत साडेसात गुंठे, कडेच्या वाटेसकट आठ धरू. चारच लेन घेतल्या, तर चार गुंठ्यांत काम होतं. ज्या शर्यतीत जगातल्या सर्वांत वेगवान बायका वितीच्या अंतराने हरतात-जिंकतात, तिची सगळी भूमी एक एकराच्या पाचव्या हिश्श्यात मावते.

सुप्याला औद्योगिक वसाहत आहे, जपानी कंपन्यांसाठी राखलेला भाग आहे, शेडमागून शेड उभी आहे. ऐंशी मीटर लांब छप्पर कसं बांधायचं, हे इथल्या ठेकेदाराला शिकवावं लागत नाही. एक साधी पत्र्याची शेड, खाली रबरी पट्टी, चार स्टार्टिंग ब्लॉक, टोकाला जाड गाद्या, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शतांश मोजणारं विजेचं घड्याळ. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, उन्हाळ्यात दहानंतर उभं राहवत नाही, तेव्हा पारनेर तालुक्यातल्या मुली तिथे पळतील. भरतीसाठी येणारी येऊ दे, खेळासाठी येणारी येऊ दे. दोघींनाही आपली वेळ खरी कळेल.

सामाजिक जबाबदारीचा निधी कुठे लावायचा, असा विचार करणाऱ्या कंपन्यांनी, जिल्हा क्रीडा खात्याने, ग्रामपंचायतीने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. विश्वविक्रम तीस वर्षं हललेला नाही आणि तो सुप्यातून हलेल, असा दावा कुणी करत नाही. पण सात सेकंदांच्या या शर्यतीत आपली एखादी मुलगी कुठे उभी आहे, हे आज आपल्याला अडीच मीटर इकडे किंवा तिकडे एवढंच सांगता येतं. ते मुठीएवढ्या अचूकतेने सांगता येणं ही पहिली पायरी आहे, आणि ती चढायला आठ गुंठे पुरतात.